पंधरा मिनिटांचा रस्ता



गेल्या महिन्यात या सदरासाठी आलेल्या पत्रांत एक निनावी पत्र होते. अक्षर वळणदार, कागद दुकानाच्या हिशेबवहीतून फाडलेला. त्या भगिनीने लिहिले होते, "ताई, उजव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागते. दुखत नाही. तुळशीच्या लग्नानंतर धाकट्याचे कार्य ठरले आहे. आता घरी सांगितले तर सर्वांचा विरस होईल. कार्य पार पडेपर्यंत थांबले तर चालेल का? उत्तर सदरातूनच द्यावे, घरी पत्र आलेले बरे दिसणार नाही."

भगिनी, उत्तर आधी देते, बाकीचे मागाहून. थांबू नका. हा अंक हाती पडेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणीला जा. छातीतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि तुमचीही तशीच असावी, अशी मी मनापासून इच्छा करते. परंतु ती कशी आहे हे तुमच्या हाताला कळणार नाही आणि पत्र वाचून मलाही कळणार नाही. पत्रावर पत्ता असता तर त्याच दिवशी कळविले असते. छपाईत तीन आठवडे गेले, याची रुखरुख आहे.

हे इतक्या ठामपणे मी का सांगते, ते समजावे म्हणून मला एक जुना खोटेपणा उघड करावा लागेल.

जुन्या वाचकांना आठवत असेल, सात वर्षांपूर्वी हे सदर जवळजवळ वर्षभर बंद होते. ‘घरात लग्नकार्य असल्याने लेखनास सवड नाही’ असे मी संपादकांना कळविले होते आणि तसेच छापले गेले होते. लग्नकार्य खरोखरच होते. परंतु ते वैशाखात आटोपले. त्यानंतर मी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होते. पुढे सदर पुन्हा सुरू झाले. सण, संस्कार, सासर-माहेर यांवर मी लिहीत राहिले. स्वतःच्या देहाविषयी छापील अक्षरांत लिहिण्याचा संकोच मात्र सुटला नाही. नुकतेच दशलक्षण पर्व झाले. क्षमावणीच्या दिवशी सर्वांना हात जोडताना तुमचे पत्र माझ्या डोळ्यांपुढे होते. मी वेळीच लिहिले असते तर ‘थांबले तर चालेल का’ हा प्रश्न कदाचित तुम्हांला पडलाही नसता. त्याबद्दल तुमची आणि सर्व वाचकांची क्षमा मागते.

माझे माहेर फलटणचे. विसाव्या वर्षी लग्न होऊन मी बार्शीला आले. सासरी मार्केट यार्डात आडतीचे दुकान. ज्वारी, तूर, हरभरा यांचा व्यवहार. आमच्या घरातील दिनदर्शिका दोनच गोष्टींनी ठरत असे, एक सणवार आणि दुसरी मालाची आवक. बाईने आजारी पडायचे ते या दोहोंच्या मधल्या दिवसांत, असा काही लेखी नियम नव्हता, परंतु आम्ही सर्व जणी तो पाळत होतो.

पहिल्या खेपेस मला मुलगी झाली. ती एक महिन्याची असताना दूध गोठून छातीत गाठी झाल्या, अंगात ताप भरला आणि ठणका लागला. दिवाळीचे वहीपूजन दुसऱ्या दिवसावर होते. मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाळ का रडते म्हणून सासूबाई खोलीत आल्या, त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि त्या रागावल्या. स्वतः गरम पाण्याचा शेक दिला, डॉक्टरीणबाईंना घरी बोलाविले. "सांगायला तोंड नव्हते का तुला?" एवढेच त्या म्हणाल्या. मी त्यातून काही शिकले नाही. उलट, आपण दोन दिवस सहन केले याचा मला मनातून थोडा अभिमानच वाटला.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, पौषातल्या एका पहाटे स्नान करताना डाव्या बाजूस, काखेच्या जरा अलीकडे, भिजवलेल्या हरभऱ्याएवढे काही हाताला लागले. मी दाबून पाहिले. पूर्वीच्या गाठी ठणकत होत्या. ही मुळीच दुखत नव्हती. दुखत नाही त्या अर्थी काही विशेष नसावे, असे मी स्वतःस समजाविले. पुढे डॉक्टरांनी सांगितले, की या रोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही आणि त्यामुळेच बायका ती अंगावर काढतात.

त्याच आठवड्यात मुलीचे स्थळ पक्के झाले. घराणे चांगले, मुलगा शिकलेला. दुकानात तुरीची आवक जोरात होती. घरात याद्या होऊ लागल्या. दागिने, साड्या, मानपान, आचारी, कार्यालय. मी प्रत्येक यादीत होते आणि स्नानाच्या वेळी रोज एकदा हात लावून पाहत होते. माघ, फाल्गुन, चैत्र गेले. हरभऱ्याची सुपारी झाली. वैशाखात पाठवणीच्या वेळी मुलीने मला घट्ट कवटाळले. ती गाठ तेव्हा आम्हां दोघींच्या मध्ये होती आणि हे माझ्याखेरीज कुणासही ठाऊक नव्हते. भोवतीच्या बायकांना वाटले की मी मुलगी निघाली म्हणून रडते आहे.

लग्नानंतर आठव्या दिवशी मी यजमानांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "कधीपासून?" मी म्हणाले, "पंधरा दिवस झाले असतील." पुण्याच्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला आणि त्यांनाही मी तेच उत्तर दिले. डॉक्टरांनी मॅमोग्राफीचे चित्र पाहिले, काखेतील गाठी चाचपल्या आणि ते शांतपणे म्हणाले, "आई, खरे सांगितले तर मला उपचार ठरविणे सोपे जाईल." त्यांच्यासमोर मी यजमानांकडे न पाहता म्हणाले, "साडेचार महिने."

आता पुणे कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करुग्णालय आहे. सोलापूर, धाराशिवकडचे रुग्ण मुद्दाम तेथे येतात. आमच्या घरापासून ते पंधरा मिनिटांच्या रस्त्यावर आहे. परंतु त्या दारातून आत जाताना कुणीतरी ओळखीचे पाहील, दुपारपर्यंत यार्डात कळेल, संध्याकाळी ते मुलीच्या सासरी पोहोचेल, अशी यजमानांना भीती वाटली. ‘आईला हा रोग, म्हणजे उद्या मुलीलाही होणार’ असे नव्या घरी कुणी म्हटले तर? त्यांनी पुण्याचे सुचविले आणि मी आनंदाने होकार दिला. हा दोष एकट्या त्यांचा नव्हता. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा सुमारे दोनशे किलोमीटरांचा रस्ता आम्ही पहाटेच्या अंधारात निघून कापत होतो. गावात सांगितले, की गुडघ्यांवर उपचार चालू आहेत. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला आणि एरंडेल पाठविले. ते परत कसे करावे, हे मला समजेना. म्हणून मी ते खरोखरच गुडघ्यांना लावले.

ज्येष्ठात शस्त्रक्रिया झाली आणि डावा स्तन काढावा लागला. जखमेतील पाणी बाहेर यावे म्हणून एक नळी आणि तिला जोडलेली बाटली लावून मला रुग्णालयातून सोडले. रोज किती मिलिलिटर पाणी जमते ते लिहून ठेवावयाचे आणि ते पुरेसे कमी झाले म्हणजे नळी काढावयाची, अशी सूचना होती. पुण्यात आम्ही एक खोली घेऊन राहिलो होतो. यजमानांनी खिशातील दुकानाची छोटी लाल वही काढली. एका पानावर तारीख आणि पुढे आकडा. मूठभर तुरी हातात घेऊन त्यांतील ओल अचूक सांगणारा तो मनुष्य दोन्ही वेळा ती बाटली उजेडाकडे धरून आकडा वाचत होता आणि पेनाने लिहीत होता. तीस वर्षांच्या संसारात माझ्या देहाविषयीची पहिली नोंद दुकानाच्या वहीत झाली ती अशी.

पट्टी सोडली त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहिले. ज्या अंगावर दोन मुले वाढली, तेथे एक आडवी शिवण होती. मी यजमानांकडे पाहिले. त्यांनी नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, "टाके कोरडे आहेत." मला फार वाईट वाटले. एवढेच बोलायचे होते का, असे मी रात्रभर मनाशी म्हणत राहिले. सकाळी ती लाल वही उशाशी पडली होती. उघडून पाहिली तर त्या तारखेपुढे त्यांनी आकड्याऐवजी ‘टाके कोरडे’ असे लिहिले होते आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. ताळेबंद जुळला की आमच्याकडे अशा रेघा ओढतात. बोलण्याची सवय नसलेल्या माणसांच्या घरी संसार करताना अशा रेघा वाचाव्या लागतात, हे मला उशिरा कळले.

आषाढात केमो सुरू झाले. दर एकवीस दिवसांनी एक खेप. लाल रंगाचे औषध शिरेतून आत जात असे. परतीच्या वाटेवर इंदापूर येईपर्यंत ओकाऱ्या सुरू होत. दुसऱ्या खेपेच्या सुमारास केस हातात येऊ लागले. गाडीच्या सीटवरील केस मुलगा न बोलता झटकत असे. मुलीला आम्ही काहीच सांगितले नव्हते. फोनवर मी तिला म्हणत असे, "गुडघे बरे आहेत आता."

नारळी पौर्णिमेला ती भावाला राखी बांधण्यासाठी आली. मी डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता. ओवाळणीचे ताट घेण्यास वाकले आणि पदर घसरला. तिच्या हातातील राखी तशीच राहिली. तिने मला एका शब्दाने विचारले नाही. वडिलांना विचारले आणि सर्व ऐकून घेतले. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, हे तुम्ही माझ्यासाठी लपविलेत?"

"तुझा संसार नवीन आहे गं. तिकडे काही बोलणे नको."

"तिकडचे मी पाहीन. पण हे माझ्या रक्तातले आहे, आई. उद्या मला डॉक्टरांनी विचारले, की घरात कुणाला होते का, तर मी ‘नाही’ असे सांगितले असते. तुम्ही मला खोटे उत्तर देऊन पाठविलेत."

मला त्यावर काही बोलता आले नाही. चार-साडेचार महिने मी ज्या गोष्टीला आईची माया समजत होते, तिची दुसरी बाजू मुलीने मला दाखविली. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कुणाला हा रोग झालेला असेल तर त्या स्त्रीने अधिक सावध राहावयाचे असते आणि तपासण्या कोणत्या वयापासून सुरू करावयाच्या हे डॉक्टरांशी बोलून ठरवावयाचे असते. त्यासाठी आईला कोणत्या वयात रोग झाला, हेही ठाऊक असावे लागते. सर्वच रुग्णांत तो वंशपरंपरेने येतो असे नाही. शंभरांतील पाच-दहा जणींतच आनुवंशिक दोष कारणीभूत असतो, असे डॉक्टर सांगतात. आपण त्या पाच-दहांत आहोत की उरलेल्या नव्वदांत, हे समजण्याची वाटच मी तिच्यासाठी बंद केली होती.

ही गोष्ट इथेच संपत नाही. मुलीने फलटणला माझ्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ आईला घेऊन आला. तेव्हा तिचे वय अठ्ठ्याहत्तर. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाली, "तुझ्या मावशीचेही असेच झाले होते." माझी मावशी बेचाळिसाव्या वर्षी गेली. आम्हां मुलांना सांगितले होते, की छातीत गळू झाले आणि ते पिकले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. गळू हा शब्द मी पुढे चाळीस वर्षे मनात तसाच ठेवला. मावशीला दोन मुली होत्या. त्यांची स्थळे अडू नयेत म्हणून गळू म्हणावयाचे ठरले होते. आईने बहिणीच्या मुलींसाठी ते लपविले आणि मी माझ्या मुलीसाठी. पौषातल्या त्या पहाटे मला मावशीचे खरे दुखणे ठाऊक असते, तर मी याद्या बाजूस ठेवून दवाखाना गाठला असता, असे आज वाटते.

आमच्या दुकानात आजेसासऱ्यांच्या काळापासूनच्या वह्या लाल कापडात बांधून ठेवल्या आहेत. कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याला कोणत्या साली किती उचल दिली, हे आजही काढून दाखविता येते. मावशीविषयी मात्र दोन्ही घरांत एकही ओळ नव्हती.

त्या वर्षी दशलक्षणात आमच्या गावी आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. मी पूर्वी दहाही दिवसांचे उपवास केलेले. रात्री पाणीही न घेण्याचा नियम अनेक वर्षांचा. या वेळी डॉक्टरांनी उपवासास सक्त मनाई केली होती. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या आणि ओकारीवरची एक गोळी रात्री दहा वाजता घ्यावयाची होती. पहिले दोन दिवस मी ती गोळी घेतली नाही. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मनात एक आणि बोलण्यात दुसरे असे नसावे, या धर्माचा. त्या दिवशी सासूबाई मंदिरातून उशिरा आल्या. ऐंशी वर्षांच्या त्या. पायऱ्या चढताना थांबत थांबत येत. रात्री दहाला स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"गोळी घे," त्या म्हणाल्या.

"आई, नियम आहे माझा."

"ठाऊक आहे. माताजींना विचारून आले. त्यांनी सांगितले आहे, आधी बरी हो, प्रायश्चित्त नंतर घे." मग त्या पलंगावर बसल्या. "आणि आणखी एक. आज प्रवचनाला बसले होते आणि शेजारच्या काकू तुझ्या गुडघ्यांची चौकशी करीत होत्या. मी आर्जवावरचे प्रवचन ऐकत होते आणि खोटे बोलत होते. मला ते सोसवत नाही. पुढची खेप इथल्याच रुग्णालयात घ्यायची. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. मी बरोबर येते."

यजमान दारात उभे होते. ते म्हणाले, "आई, लोक बोलतील."

"बोलू देत. त्यांच्या घरातही बायका आहेत."

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदपत्रे आणि औषधांची यादी लगेच दिली. भाद्रपद वद्यात मी आणि सासूबाई भर सकाळी रिक्षाने निघालो. त्यांनी मुद्दाम मोटार काढू दिली नाही. बाजारपेठेतून जाताना दोघा-तिघांनी नमस्कार केला. रुग्णालयाच्या बाकावर आमच्या शेजारी परांडा तालुक्यातील एक शेतकरीण बसली होती. तिच्या मालकाचा माल आमच्याच आडतीवर येतो, हे बोलता बोलता कळले. तिने माझे डोके पाहिले, स्वतःचा पदर जरा मागे सारून आपले दाखविले आणि म्हणाली, "येतात परत केस. माझे आले की थोडे." त्या अडीच तासांत मला जितके हलके वाटले, तितके आधीच्या अडीच महिन्यांत वाटले नव्हते.

तेथेच मला समजले, की भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत जाऊन रुग्णांची माहिती गोळा करावयाची आणि ती नोंदवून ठेवावयाची, असे ते काम. ज्या खेड्यांतून आमच्या दुकानात धान्य येते, त्या खेड्यांतील बायकांच्या दुखण्याची नोंद इतकी वर्षे कुणी तरी निष्ठेने लिहीत होते. आम्ही त्याच गावात राहून, तीन पिढ्या वह्या लिहून, घरातील बायकांचे पान कोरे ठेवले होते.

गावात बोलणे झाले, हे मी लपविणार नाही. मुलीच्या सासरीही काही दिवस कुजबुज झाली; थोरल्या जावेने तिला टोचून विचारले. मुलीने शांतपणे सर्व सांगितले. पुढे विहीणबाई स्वतः भेटावयास आल्या. "आम्हांला इतके परके समजलात?" असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग निघता निघता, कुणी जवळ नाही असे पाहून, त्यांनी मला हलक्या आवाजात विचारले, "तुमची सुरुवात कशी झाली होती? हाताला कशी लागली?" वर्षभरात हाच प्रश्न घेऊन आणखी कितीतरी जणी आल्या. कुणी लोणचे देण्याच्या निमित्ताने, कुणी पंचांग मागण्यासाठी. त्यांपैकी ज्या तपासणीस गेल्या, त्यांतील एकीवाचून सर्व सुखरूप निघाल्या. त्या एकीची गाठ फार लहान असताना सापडली. तिचा स्तन काढावा लागला नाही.

वेळीच हात लागण्याचे मोल किती, यावर आपल्या मुंबईतच एक मोठे काम झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी तपासणी केली. कोणतेही महागडे यंत्र त्यात नव्हते. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. परंतु हाताला गाठ लागली असेल तर वय कोणतेही असो, तपासणी टाळू नये, हे सर्व डॉक्टर एकमुखाने सांगतात. नफ्यातोट्याचा हिशेब आपणांस कुणी शिकवावा लागत नाही. एका जाणत्या हाताच्या काही मिनिटांच्या तपासणीने इतके साधत असेल, तर तो सौदा कोणताही व्यापारी सोडणार नाही.

माझे पुढचे उपचार गावातच पूर्ण झाले. रोजची एक गोळी पाच वर्षे घेतली. डावा हात अजूनही जड होतो. रक्तदाब त्या हातावर मोजू देत नाही, आणि सकाळी भिंतीवर बोटे चढविण्याचा व्यायाम चुकवीत नाही. बरी झाल्यावर माताजींचा विहार जिथवर झाला होता तेथे जाऊन प्रायश्चित्त घेतले. सासूबाई मागील वर्षी शांतपणे गेल्या. त्यांच्या शेवटच्या आजारात रात्रीचे पाणी मी देत होते.

ती लाल वही आम्ही पुढे चालू ठेवली. आता तिच्यात घरातील प्रत्येक स्त्रीसाठी एक पान आहे. नाव, जन्मवर्ष, बाळंतपणे, मोठी दुखणी आणि ती कोणत्या वयात झाली, शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी करावयाची. मावशीचेही पान केले. त्यावर एवढेच लिहिले आहे, ‘बेचाळिसाव्या वर्षी, स्तनाचा कर्करोग’. गळू हा शब्द आम्ही कायमचा काढून टाकला. मावशीच्या दोन्ही मुलींना मी स्वतः फोन करून सांगितले; दोघीही आता नियमित तपासणी करतात. माझी मुलगी दिवाळीला माहेरी आली, की आपले पान स्वतःच्या अक्षरात पुरे करते. तिला आता चार वर्षांची मुलगी आहे. तिचेही पान आहे. सध्या त्यावर लसी आणि दुधाचे दात आहेत.

थोड्याच दिवसांत दिवाळी येईल. आपल्या प्रत्येक घरी, प्रत्येक दुकानात वहीपूजन होईल. माझी सर्व कुटुंबांना एक विनंती आहे. यंदा पाटावर नव्या वह्यांबरोबर घरातील स्त्रियांच्या आरोग्याची एक साधी वही ठेवा. पहिल्या पानावर घरातील सर्वांत वडील स्त्रीचे नाव लिहा आणि तिला विचारा, की तुमच्या आईला काय झाले होते, बहिणीला काय झाले होते. त्या प्रथम टाळतील. पुन्हा विचारा. आणि पुरुषमंडळींना सांगते, ही वही लिहिण्याचे काम तुम्हीही घ्यावे. हिशेबाचे अक्षर आमच्या घरी त्यांचेच अधिक चांगले आहे.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते, भगिनी. एकट्या जाऊ नका. जावेला, बहिणीला किंवा मुलीला बरोबर घ्या. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टरांची वेळ मागा. किती दिवस झाले असे विचारतील, तेव्हा खरा आकडा सांगा. सर्व कागद एका पिशवीत ठेवा. तपासणीत काही निघाले नाही, तर तुमच्या धाकट्याचे कार्य निश्चिंत मनाने होईल. काही निघालेच, तर कार्याला अजून अवधी आहे आणि उपचारांची सुरुवात त्याआधी होऊ शकते. लग्नाच्या छायाचित्रात आई डोक्यावर पदर घेऊन बसलेली असली, तर सुनेला वावगे वाटणार नाही. घरात येताच तिला खरे सांगितले, याचे तिला पुढे समाधानच वाटेल.

उत्तराच्या पत्रावरही नाव घालू नका, हरकत नाही. ‘जाऊन आले’ एवढी एकच ओळ लिहा. मी वाट पाहत आहे.